मागची ओळ दिसल्याशिवाय

आमच्या घरातला संगणक सकाळी साडेसातला चालू करायचा आणि तो सव्वाआठच्या सुमाराला चालू व्हायचा. मधल्या पाऊण तासात त्याच्या पोटात काय चालायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पंखा घरघरायचा, डब्यावरचा बारका दिवा लुकलुकायचा, काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल फिरत राहायचे. समोर मी. माझ्या उजव्या हाताला, जरा मागे, आरामखुर्चीत शाल पांघरून बसलेले आबा, म्हणजे माझे वडील. दोघंही त्या ठिपक्यांकडे बघत असायचो. मागच्या हिवाळ्यातल्या बहुतेक सकाळी अशाच गेल्या.

संगणक साधाच. मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला, ती नोकरीला बाहेरगावी गेल्यावर माझ्याकडे राहिलेला. जुनी सिस्टीम होती तोवर त्याची काही तक्रार नव्हती. बटण दाबलं की दोन मिनिटांत उभा राहायचा. मग कोपऱ्यात रोज एक सूचना यायला लागली, की तुमची आवृत्ती आता जुनी झाली, नवी फुकट आहे, घ्या. दहा वेळा मी ‘नंतर’ म्हटलं. अकराव्या वेळी ‘हो’ म्हणून बसलो. तीस वर्षं मी जयसिंगपूरच्या एका शाळेत कारकून होतो. शिक्षक असोत की पालक, सगळ्यांना दरडावायचो की वाचल्याशिवाय सही करू नका. आणि स्वतः मात्र त्या सूचनेखालची एक ओळ वाचली नाही.

नवी सिस्टीम पाहुणी म्हणून आली आणि घर बळकावून बसली. मला नको असलेलं हवामान ती दाखवायची. आमच्या उचगावात ऊन पडलंय हे खिडकीतून दिसत असताना पडद्यावर सूर्याचं चित्र. कुठकुठल्या बातम्या दाखवायची. मी न उघडलेल्या दहा गोष्टी आतल्या आत उघडून ठेवायची. एखादी फाईल उघड म्हटलं की पडदा पांढराफटक पडायचा आणि वर लिहून यायचं, ‘प्रतिसाद देत नाही’. सहा वाजताच लावून बघितला, तर ऐन फाईल उघडायच्या वेळी गोठला. रात्रभर चालू ठेवून बघितला, तर सकाळपर्यंत त्यानं आपलं आपणच बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलेली. सुरुवातीला मी चिडायचो. टेबलावर हात आपटायचो, शिव्या द्यायचो, एकदा तर डब्याला लाथ घातली आणि अंगठ्याचं नख काळं करून घेतलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, त्याला काय कळतंय का?" पुढे पुढे चिडणंही बंद झालं. काहीच वाटेनासं झालं. ठिपके फिरायचे, मी बघायचो.

आबा गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, तो नेमका कधी उतरवायचा हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो गुळव्या. जरा आधी उतरवला तर गूळ पाघळतो, जरा उशीर झाला तर करपतो. काहिलीतल्या एका खेपेच्या रसाला आधण म्हणतात. आबांनी अशी किती आधणं उतरवली असतील ते त्यांनाही सांगता येणार नाही. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी एकदम काढलं, "माझं समदं लिवून काढ. कुठल्या साली कुठल्या गुऱ्हाळावर हुतो, रस कसा हुता, समदं." डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की त्यांची आठवण आता हळूहळू विरत जाणार. ते आबांनी ऐकलं होतं. सकाळी साडेसात ते साधारण साडेनऊपर्यंत ते अगदी स्वच्छ असायचे. त्यानंतर मला शाळेतला मास्तर समजायचे, कधी आपला वारलेला थोरला भाऊ.

वहीत लिहिता आलं असतं. मोबाइलवर आवाज भरून घेता आला असता. दोन्ही करून पाहिलं. पण आबांची एक रीत होती आणि ती ते काहिलीपाशी शिकले होते. मागचं आधण वाफ्यात कसं बसलं हे बघितल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. वाफा म्हणजे उकळलेला रस ओतून निववायचा उथळ हौद. त्यातल्या गुळाचा रंग बघायचा, चिमूटभर तोंडात टाकायचा, आणि मग पुढच्या रसात चुना किती, भेंडीचं पाणी किती ते ठरवायचं. सांगतानाही तेच. मागची ओळ डोळ्यांनी वाचल्याशिवाय पुढची ओळ तोंडातून निघायची नाही. त्यांचा एक डोळा गेलेला, दुसरा अधू, त्यामुळे माझं वहीतलं अक्षर त्यांना दिसत नव्हतं. मोबाइल त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. "ह्यात माझं मला दिसत न्हाय." संगणकावर मात्र अक्षर वाटेल तेवढं मोठं करता यायचं. पडद्यावर जेमतेम तीन ओळी मावतील एवढं मी ते केलं. आबा बोट हवेत धरून एकेक शब्द वाचायचे, चुकलं असेल तर दुरुस्त करायला लावायचे, मग म्हणायचे, "हां. आता फुडं लिव."

सालांचे आकडे त्यांच्याकडे नव्हते. उसाला तुरा लवकर आला ते साल. ओढ्याचं पाणी जानेवारीतच आटलं ते साल. नेसरीकडच्या गुऱ्हाळावर गेलो ते साल. बैलांचा घाणा गेला आणि इंजिन आलं ते साल. एकामागून एक, एकही न गाळता. त्यातही संगणक आपला वाटा घ्यायचाच. मी ओळ टाईप करून हात मांडीवर ठेवायचो आणि अक्षरं मागून सावकाश यायची, शेवटची दोन तर विचार करून. तोवर आबा पुढचं विसरलेले असायचे. नेसरीकडचं अख्खं साल एकदा फाईल गोठल्यामुळे गेलं. मी माझ्या आठवणीनं ते पुन्हा लिहून त्यांना दाखवलं, तर वाचून म्हणाले, "ह्ये मी न्हाय बोललो." मग परत पहिल्यापासून सांगितलं. मला घाई होती, पण त्यांना घाई करून चालण्यासारखं नव्हतं. मी ज्या सालाची वाट बघत होतो ते इंजिन आलं त्याच्या पुढचं होतं.

मला एक बहीण होती. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, अक्का. मी चार वर्षांचा असताना ती गुऱ्हाळावर भाजून वारली. इंजिन आलं त्याच्या पुढल्या हंगामात, एवढंच एकदा मामाच्या तोंडून निसटलेलं. त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. घरात तिचा फोटो नव्हता, विषय कुणी काढत नसे. माझ्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची जुनी खूण आहे. आई म्हणायची, चहा सांडला होता. ते मला खरं वाटायचं. मग माझ्या मुलीच्या अंगावर ती लहान असताना खरोखरच चहा सांडला आणि तिची खूण वर्षभरात दिसेनाशी झाली. त्यानंतर आईचं म्हणणं खरं वाटेना. मी तिथं होतो का? अक्का माझ्यामागून धावली, की मी तिच्यामागून? तिनं मला ओढून काढलं का? आईला विचारायचा धीर झाला नाही, आणि आई गेली. आता ते ठाऊक असलेला जगात एकच माणूस उरला होता. तो रोज सकाळी दोन तास शुद्धीवर असायचा, आणि त्यातला पाऊण तास संगणक खायचा.

हे मी आबांना सरळ विचारलं का नाही, असं बायकोनंही मला विचारलं. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही. ज्यानं त्यानं आपलं होऊन सांगायचं. आबा ओळीनं सांगत होते, तर त्या ओळीत अक्का येणारच होती.

दुरुस्तीवाला घरी येऊन बघून गेला. गावातलाच, माझ्या वयाचा. त्यानं काहीतरी उघडून मला आकडे दाखवले. "ह्यो बगा, काय काम न करता डिस्क शंभर टक्के. मशीन चांगलं हाय की, पावणं. पन ही नवी सिस्टीम त्येला पेलत न्हाय." नवी डिस्क टाकू, रॅम वाढवू, म्हणाला. "दोन दिवस दुकानात ठिवून जावा." दोन दिवस म्हणजे दोन सकाळी. इंजिनाचं साल सुरू होतं. मी म्हटलं, नंतर बघू.

आबांना त्या वाट बघण्याचं काही वाटत नसे. मी कुरकुर केली की गालात हसायचे. "उकळी यिऊ दे की. तू कशाला तापतोस?" सगळी उमर काहिलीसमोर वाट बघण्यात गेलेल्या माणसाला पाऊण तास म्हणजे काहीच नव्हता.

इंजिनाचं साल आठवडाभर चाललं. त्यातली शेवटची ओळ होती, ‘शिमग्याआधी गुऱ्हाळ बंद केलं आणि घरला आलो.’ आबांनी ती वाचली, "हां" म्हणाले, आणि त्या दिवशी पुढे काही सांगितलं नाही. अजून अर्धा तास हाताशी होता. मी विचारलं, "पुढं?" ते म्हणाले, "उद्या." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी सातलाच बटण दाबलं. ठिपके आले, फिरले, आणि मग पडदा निळा झाला. ‘अद्ययावत करत आहोत. चार टक्के. संगणक बंद करू नका.’ मी कुणालाही काही विचारलं नव्हतं, त्यानंही मला विचारलं नव्हतं. सव्वासातला आबा अंघोळ करून आले. डोक्यावर टोपी होती. एरवी ते घरात टोपी घालत नसत. बायकोनं चहा आणून ठेवला, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि आत गेली. अकरा टक्के. आठ वाजले, अठरा टक्के. साडेआठला एकतीस. त्या एकतीसवर तो असा काही बसला की आता उठणारच नाही. माझा गेलेला राग सगळा एकदम परत आला. मी उभा राहिलो, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि त्या आकड्याला तोंडाला येईल ते बोललो. दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला. नऊ वाजायला आले होते.

आणि मागून आबांचा आवाज आला. तो नेहमीचा सांगायचा आवाज नव्हता, जरा खालचा होता.

"त्या दिवशी तू..."

"थांबा, आबा," मी म्हणालो. मान न वळवता म्हणालो. "चालू होऊ दे. एक मिनिट."

ते थांबले.

त्या एका मिनिटाचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन महिने मी त्यांच्याच रीतीनं चाललो होतो, पडदा नाही तर सांगणं नाही. सवयीनं तोंडातून गेलं, असं मी स्वतःला सांगतो. त्यांचा शब्द न शब्द टिपून घ्यायचा होता, असंही सांगतो. दोन्ही खरं आहे. पण त्यांच्या तोंडून ‘तू’ ऐकलं तेव्हा मी घाबरलो, हेही खरं आहे. जे ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो ते मला ऐकायचं नव्हतं. संगणक आडवा आला होता तो त्या क्षणी मला बरा वाटला. शिव्या देत होतो त्यालाच, आणि लपलोही त्याच्याच मागे.

मी वळलो तोवर पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आबा शालीचं टोक बोटांनी सरळ करत होते. चहावर साय धरली होती.

"सांगा, आबा. असंच सांगा. त्या दिवशी मी काय?"

त्यांनी वर बघितलं. "मास्तर," ते अदबीनं म्हणाले, "शाळा सुटली का?"

मी सुटली म्हटलं. त्यांना आत नेऊन झोपवलं, टोपी काढून खुंटीला अडकवली. बाहेर आलो तेव्हा शहात्तर टक्के झाले होते. दहाच्या पुढे तो एकदाचा चालू झाला आणि पडद्यावर लिहून आलं, ‘सगळं तुमच्यासाठी तयार आहे.’ मी बराच वेळ ते वाचत बसलो. रडू येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उठून भाजी आणायला गेलो.

दुपारी संगणक रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याच्या दुकानात नेऊन दिला. दोनाचे चार दिवस झाले. त्या चारही सकाळी आबा आपल्या वेळेला येऊन बसले. मी रोज विचारलं. इतकी वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते आता सहज निघत होतं. "इंजिन आलं त्याच्या पुढल्या साली काय झालं, आबा?" ते रिकाम्या टेबलाकडे बघायचे. "मागचं दिसंना," म्हणायचे. त्याहून जास्त काही नाही.

पाचव्या दिवशी संगणक परत आला. "आता पळतोय बघा कसा," दुरुस्तीवाला म्हणाला, आणि खोटं नव्हतं. बटण दाबून खुर्ची ओढून बसेपर्यंत तो उभा. फाईल म्हटलं की फाईल. अक्षरं बोटांबरोबर उमटत होती. दोन महिने ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर होतं आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आबा यायच्या आधी मी फाईल उघडली. शिमग्याच्या ओळीखाली तीन शब्द टाईप केले. ‘त्या दिवशी तू’. मागची ओळ दिसली की ते पुढची सांगतील, इतका साधा माझा विचार होता. साडेसातला ते आले, बसले, शाल नीट केली. बोट उचलून वाचायला लागले. शिमग्याची ओळ वाचली. मग त्या. दिवशी. तू. बोट तसंच हवेत राहिलं. रस्त्यावरून दूधवाल्याची गाडी गेली. बायको आतून काहीतरी विचारत होती.

"ह्ये कशाला लिवलंस?" ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, आबा. त्या सकाळी."

"ह्ये लिवायचं न्हवतं." त्यांनी बोट खाली घेतलं. "ह्ये तुला सांगायचं हुतं. खोड त्ये."

मी खोडलं. तीन शब्द, क्षणसुद्धा लागला नाही. मग खुर्ची फिरवली, संगणकाकडे पाठ केली आणि त्यांच्यासमोर बसलो. त्यांचा हात हातात घेतला. आठवतं तेव्हापासून मी तो हात धरला नव्हता.

"सांगा," मी म्हणालो. "लिहीत नाही मी. मला सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजर स्वच्छ होती. ते मला ओळखत होते, याबद्दल मला आजही शंका नाही. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं. बोट वर केलं, शिमग्याची ओळ पुन्हा सगळी वाचली.

"लिव," ते म्हणाले. "एक साल सोड. त्येच्या फुडल्या साली ऊस चांगला हुता."

मी खुर्ची फिरवली आणि लिहायला लागलो.